बांधलेल्यांची वही

1961 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या सीमेला लागून गोरिझिया नावाचं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात फ्रांको बासाल्या हे नवे संचालक रुजू झाले होते. शिरस्त्याप्रमाणे मुख्य परिचारकाने त्यांच्यासमोर एक वही आणून ठेवली. रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं, त्यांची ती यादी. खाली संचालकांनी सही करायची, वही मिटायची, पुढचं काम सुरू. आधीपासून तसंच चालत आलेलं होतं. बासाल्यांनी सही करायला नकार दिला.

तोडलेल्या साखळदंडांची चित्रं रंगवता येतात, न केलेल्या सहीचं चित्र कोण काढणार? तरी मला या विषयाची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. बांधणारे हात वॉर्डातले असतात, पण बांधण्याचा रिवाज टिकतो तो कागदावर. ज्याने बांधलं त्याला वाटतं, वर साहेबांची सही आहे. साहेबांना वाटतं, वॉर्डातले म्हणताहेत म्हणजे गरज असणारच. या दोघांच्या मध्ये जबाबदारी कुठे सांडली हे शोधायला गेलं, तर हाती फक्त ती वही लागते.

पुढे 1971 मध्ये बासाल्या ट्रिएस्टे शहरातल्या मनोरुग्णालयात गेले. 1973 मध्ये तिथल्या रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक भलाथोरला निळा घोडा तयार केला. मिरवणूक काढायच्या दिवशी लक्षात आलं, घोडा फाटकातून जातच नाही. मग फाटकच फोडावं लागलं आणि घोडा, त्याच्यामागे रुग्ण, असे सगळे शहरात निघाले. 1978 च्या मे महिन्यात इटलीने मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. गोष्ट मोठी आहे आणि तिच्यात पुढे पुष्कळ अडचणीही आल्या, पण आपल्याला सध्या वहीपाशीच थांबायचं आहे.

बांधणं म्हणजे नेमकं काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. चार-पाच जणांनी मिळून एखाद्याला जमिनीवर किंवा पलंगावर दाबून धरणं हा एक प्रकार. पट्टे, दोरी, बँडेजची पट्टी, पीळ दिलेली चादर अशा कशाने तरी हातपाय बांधणं हा दुसरा. एकट्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावणं हा तिसरा. आपल्याकडे त्या खोलीला आजही ‘सेल’ म्हणतात आणि त्या शब्दातच तुरुंग आहे. चौथा प्रकार डोळ्यांना दिसत नाही: उपचारासाठी नव्हे, तर वॉर्ड शांत राहावा म्हणून दिलेलं गुंगीचं इंजेक्शन. वॉर्डातली भाषा या सगळ्याला फार सौम्य नावं देते. ‘जरा आवरा तिला’, ‘सेटल होईपर्यंत ठेवा’, ‘थोडा वेळ बांधून ठेवा’. त्या थोड्या वेळाला घड्याळ नसतं.

इतिहासात या बाबतीत एका माणसाला श्रेय मिळालं आणि दुसऱ्याचं हुकलं. फिलीप पिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसमध्ये मनोरुग्णांच्या बेड्या काढल्या, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात बिसेत्र रुग्णालयात 1797 मध्ये साखळ्या काढल्या त्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ यांनी. तोवर पिनेल दुसऱ्या रुग्णालयात गेले होते. प्युसँ डॉक्टर नव्हते. गंडमाळेचे रुग्ण म्हणून ते तिथे आले, बरे झाले आणि तिथेच कामाला राहिले. पुढे ते आणि त्यांची पत्नी वेड्यांचा विभाग सांभाळू लागले. नोकर घेताना बऱ्या झालेल्या रुग्णांना ते पसंती देत, कारण असे लोक मारहाण करत नाहीत, हा त्यांचा अनुभव. दोनशे वर्षांनी ही कल्पना पुन्हा शोधावी लागली, ते पुढे येईलच. मात्र साखळ्यांच्या जागी प्युसँनी लांब बाह्यांचं, हात आवळून ठेवणारं जाकीट आणलं. एक बंधन जातं तेव्हा दुसरं शांतपणे आत येतं, हे तेव्हापासून आजवर खरं ठरत आलं आहे.

इंग्लंडमध्ये 1838 मध्ये लिंकनच्या रुग्णालयात रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी आणि पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जॉन कोनोली यांनी बांधण्याची साधनं वापरणं थांबवलं. हॅनवेल ही शेकडो रुग्णांची मोठी संस्था होती. म्हणजे आज ‘एवढ्या गर्दीत हे शक्य नाही’ असं जे म्हटलं जातं, त्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. आइसलँडमध्ये हेल्गी टोमासन यांनी 1930 च्या दशकात रेक्याविकच्या क्लेप्पूर रुग्णालयातली बांधण्याची साधनं काढून टाकली आणि तो देश आजतागायत त्यांच्याकडे वळला नाही. हे टोमासन बिलंदर गृहस्थ असावेत. 1930 मध्ये त्यांनी एका बड्या मंत्र्याला, तुम्हाला मानसिक आजार आहे, असं सांगून टाकलं. मंत्र्याने त्यांना नोकरीवरून काढलं. दोन वर्षांनी सरकार बदललं, डॉक्टर परत आले आणि मग त्यांनी पट्ट्यांचा निकाल लावला.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीकडे, अमेरिकेत येऊ. 1998 मध्ये कनेटिकट राज्यात 11 वर्षांचा एक मुलगा मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांनी दाबून धरल्यामुळे मेला. ‘हार्टफर्ड कुरंट’ या स्थानिक वृत्तपत्राने विचारलं, असे आणखी किती? उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण ते मोजायची सक्तीच नव्हती. वार्ताहरांनी राज्याराज्यांतून कागद गोळा केले. दहा वर्षांत 142 मृत्यू निघाले आणि हे फक्त सापडलेले. त्याच लेखमालेसाठी हार्वर्डमधल्या एका संशोधन केंद्राने अंदाज काढला, देशात वर्षाला 50 ते 150 माणसं अशी मरत असावीत.

माणूस मरतो कसा, हे नीट समजून घ्यायला हवं. पालथं पाडलं, पाठीवर कुणी गुडघा रोवला किंवा अंगाचा भार टाकला की छाती फुलायला जागा राहत नाही. धडपडीमुळे शरीराला नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू हवा असतो आणि नेमका तेव्हाच तो मिळत नाही. मग माणूस जीव खाऊन उसळतो. वर बसलेल्यांना वाटतं, अजून जोर आहे, अजून दाबा. गुदमरणाऱ्याची तडफड आणि चिडलेल्याची मस्ती वरून सारखीच दिसते. थोड्या वेळाने हालचाल थांबते आणि कुणीतरी म्हणतं, झाला शांत. तासन् तास बांधून ठेवलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा दुसरा, संथ मार्ग.

या बातम्यांनंतर अमेरिकेत नियम कडक झाले. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पेनसिल्व्हेनिया राज्याने केलेलं काम, कारण तिथे बदलाची सुरुवात या बातम्यांच्या आधीच झाली होती. राज्याच्या नऊ सरकारी मनोरुग्णालयांत चार्ल्स क्युरी या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एक वाक्य धोरण म्हणून मांडलं गेलं: बांधणं आणि कोंडणं हा उपचार नाही, ते उपचार फसल्याचं लक्षण आहे. वाक्य साधं वाटतं, पण त्याने वहीचा अर्थच बदलला. कालपर्यंत ‘आज तिघांना बांधलं’ ही केलेल्या कामाची नोंद होती. आता ती तीन वेळा चुकल्याची नोंद झाली. शिवाय प्रत्येक रुग्णालयाचे आकडे बाकीच्यांना दिसू लागले. शेजारच्या रुग्णालयात जमतं आणि आपल्याकडे का नाही, हा प्रश्न वरून फर्मान काढण्यापेक्षा जास्त टोचतो.

1990 ते 2000 या दहा वर्षांत तिथे कोंडण्याचे प्रसंग दर 1,000 रुग्ण-दिवसांमागे 4.2 वरून 0.3 वर आले आणि बांधण्याचे 3.5 वरून 1.2 वर. शंभर रुग्ण दहा दिवस राहिले की हजार रुग्ण-दिवस होतात, असा हा हिशेब. पण माझी नजर दुसऱ्या आकड्यावर खिळते. एकदा कोंडलं की सरासरी 10.8 तास कोंडून ठेवत, ते 1.3 तासांवर आलं. बांधून ठेवण्याची वेळ 11.9 तासांवरून 1.9 वर आली. राग, भीती, थयथयाट, काहीही घ्या, अकरा-बारा तास कुणाचं टिकतं? माणूस शांत झाल्यावरही आधी त्याला कितीतरी तास तसंच ठेवलेलं असणार. कुणी क्रूर होतं म्हणून नाही. सोडायचा निर्णय घ्यायला कुणी नव्हतं, ड्यूटी बदलायची होती, कागद भरायचा होता. आणि ज्याच्या भीतीने सगळे अडून बसतात, ते कर्मचाऱ्यांना इजा होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही.

हे झालं आकड्यांचं. पण एखादी व्यक्ती वॉर्डात हिंसक का होते, याचं उत्तर आकड्यांत नाही. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. तो मी रचलेला आहे, पण मनोरुग्णालयात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

सुनंदा, वय 34, स्त्रियांच्या वॉर्डात महिनाभर दाखल. दुपारी टीव्हीवर दहावीच्या निकालाची बातमी आली. तिचा मुलगा यंदा दहावीला. चार वाजता ती ड्यूटीरूमच्या खिडकीशी गेली.

“सिस्टर, घरी एक फोन लावता का? पोराचा निकाल आहे.”

“फोनचा वार रविवार. डॉक्टर राउंडला आले की विचारा त्यांना.”

साडेपाचला ती पुन्हा आली. “एकदा सांगितलं ना, ताई?” सहा वाजता वॉर्डातल्या मावशींना तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, “माझ्या हातात काय आहे बाई?” डॉक्टर त्या संध्याकाळी आलेच नाहीत. सात वाजता सुनंदाने ड्यूटीरूमच्या काचेवर हात आपटायला सुरुवात केली. सिस्टर एकट्या. त्यांनी पुरुषांच्या वॉर्डातून दोन मामांना बोलावलं. दोन पुरुष आपल्या दिशेने येताना दिसले तशी सुनंदा भिंतीला पाठ लावून किंचाळू लागली. एकाने दंड धरला, तिने त्याच्या हाताचा चावा घेतला. मग इंजेक्शन, चादरीचा पीळ, पलंग. वहीत नोंद झाली: ‘पेशंट अचानक आक्रमक झाली.’

‘अचानक’ या शब्दापाशी थांबा. चार ते सात, तीन तास लागले त्या अचानकला. त्यात किमान तीन जागा अशा होत्या, जिथे एका वाक्याने ते वळण टळलं असतं. ‘रविवारशिवाय फोन नाही’ हा नियम वैद्यकशास्त्रातला नव्हता, सोयीचा होता. वॉर्डातल्या हाणामाऱ्यांचं मूळ शोधत गेलं की पुष्कळदा असंच काहीतरी सापडतं: फोन, चहा, बिडी, अंघोळीची वेळ, बंद दार, ‘नंतर या’.

आणि त्या प्रसंगात केसपेपरवर नसलेली एक गोष्ट होती. आजाराच्या सुरुवातीला सासरी नवरा आणि दीर मिळून तिला धरून ठेवत, खोलीत बांधून ठेवत. भिंतीला पाठ लावून किंचाळत होती तेव्हा ती त्या वॉर्डात नव्हतीच. ती परत त्या खोलीत होती.

इथे आपण आघाताच्या मुद्द्याशी येतो. मोठ्या भीतीच्या क्षणी मेंदूचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग ताबा घेतो आणि विचार करणारा भाग मागे पडतो. लढा, पळा किंवा गोठून जा, एवढेच पर्याय शरीराला दिसतात. ज्याने असं पुन्हा पुन्हा सोसलं आहे, त्याची घंटा हलक्या धक्क्यानेही वाजते. तो धक्का चढलेल्या आवाजाचा असेल, मागून पडलेल्या हाताचा असेल, कुलपात फिरणाऱ्या किल्लीचा असेल. अशा माणसाला ‘शांत हो’ असं ओरडून सांगणं व्यर्थ आहे, कारण ऐकणारा भाग त्या वेळी जागेवर नसतो. आणि चौघांनी मिळून दाबणं हे तर जुन्या प्रसंगाचीच हुबेहूब पुनरावृत्ती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एका आढाव्यात असं दिसलं, की बांधल्या-कोंडल्या गेलेल्यांपैकी 25 ते 47 टक्के लोकांमध्ये त्या अनुभवानंतर आघातोत्तर विकाराची लक्षणं आढळली. म्हणजे जखम बरी करायला आलेला माणूस नवी जखम घेऊन जातो.

अशी माणसं थोडी असतील, असं वाटत असेल तर अमेरिकेतला 1998 सालचा एक अभ्यास आठवावा. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी सॅन दिएगोतल्या 9,500 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. हे मनोरुग्ण नव्हते, आरोग्यविमा असलेले सर्वसामान्य लोक होते. निम्म्याहून जास्त जणांनी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू किंवा हिंसा यांसारखी किमान एक गोष्ट सांगितली. सामान्य घरांत हे प्रमाण, तर मनोरुग्णालयाच्या वॉर्डात काय असेल? म्हणून आता असं शिकवतात, की कोणी आघात सोसलाय आणि कोणी नाही, हे तपासत बसू नका. प्रत्येकाने सोसला असावा असं धरूनच वागा. संसर्गाच्या बाबतीत आपण प्रत्येकासाठी हातमोजे घालतो, तसंच हे.

सँड्रा ब्लूम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल एका प्रश्नात बसवला. ‘तुझ्यात काय बिघडलंय?’ हे विचारणं सोडून ‘तुझ्या बाबतीत काय घडलं?’ हे विचारायचं. इंग्रजीत यासाठी वाक्य बदलावं लागतं. मराठीत गंमत अशी, की आपल्याकडे शब्द तेच राहतात. ‘काय झालंय काय तुला?’ हे खेकसून म्हणता येतं आणि ‘काय झालं गं तुला?’ असं जवळ बसूनही. सगळा फरक स्वराचा. मराठी वॉर्डात या विषयाचं प्रशिक्षण द्यायचं असेल तर मी या दोन वाक्यांपासून सुरुवात करीन, सादरीकरणाच्या चाळीस पाट्या नंतर.

स्वर मात्र एकट्याने बदलत नाही, व्यवस्था बदलावी लागते. केव्हिन हक्सहॉर्न या परिचारिका-प्रशासक बाईंनी अमेरिकेत जे सहा उपाय एकत्र बांधले, त्यांची बरीच ठिकाणी नक्कल झाली. वरिष्ठांनी स्वतः लक्ष घालणं, आकडे मोजणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं हे त्यातले तीन कुणीही सुचवेल. उरलेले तीन मला जास्त कामाचे वाटतात. एक, दाखल करतानाच विचारून ठेवायचं: तुम्हाला कशाने त्रास होतो, चिडायला लागलात की आम्हाला ते कसं कळेल, काय केलं की बरं वाटतं, कुणी हात लावलेला चालत नाही? सुनंदाच्या कागदावर ‘पुरुषांनी धरू नये’ ही एक ओळ असती, तर सात वाजता सिस्टरांनी मामांऐवजी बहुधा शेजारच्या स्त्री वॉर्डातली माणसं बोलावली असती. दोन, पूर्वी स्वतः रुग्ण असलेल्यांना वॉर्डात काम द्यायचं. प्युसँची कल्पना ती हीच. आणि तीन, बांधण्याचा प्रसंग घडलाच तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसून तो उलटा उलगडायचा. चूक कुणाची हे ठरवण्यासाठी नाही. शिक्षेची भीती असली की लोक वहीत ‘अचानक’ लिहितात.

ब्रिटनमध्ये लेन बावर्स यांनी हीच गोष्ट फार घरगुती पातळीवर आणली. त्यांच्या ‘सेफवॉर्ड्स’मध्ये दहा छोट्या कृती आहेत. नकार द्यायचाच असेल तर तो मऊ शब्दांत, कारण सांगून द्यायचा. घरून वाईट बातमी येणार असेल, कुणाची भेट रद्द झाली असेल, तर ते आधी हेरून त्या माणसाजवळ बसायचं. कर्मचाऱ्यांनी स्वतःबद्दलही दोन गोष्टी फळ्यावर लिहायच्या, आवडता सिनेमा, खेळ, काहीही, म्हणजे बोलायला निमित्त मिळतं. घरी जाणाऱ्या रुग्णाने मागे राहणाऱ्यांसाठी चिठ्ठी टांगून जायची. ऐकताना बालवाडीतले उपक्रम वाटतात. पण 15 रुग्णालयांतल्या 31 वॉर्डांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष आले. भांडणं-मारामारीचे प्रसंग 15 टक्क्यांनी कमी झाले आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीचं औषध असे ‘आवरण्याचे’ प्रकार 26.4 टक्क्यांनी.

काही देशांत वॉर्डालगत शांत बसायची खोली ठेवतात: डुलती खुर्ची, मंद दिवा, अंगावर घ्यायला वजनदार पांघरूण. या पांघरुणांबद्दलचा शास्त्रीय पुरावा अजून माफकच आहे. पण जड गोधडी अंगावर ओढली की जीव थाऱ्यावर येतो, हे आपल्याला कुणी शोधनिबंधातून शिकवलेलं नाही. अट एकच, त्या खोलीत माणूस आपणहून जायला हवा आणि दार आतून उघडायला हवं. नाहीतर तोच सेल, फक्त पडदे फुलाफुलांचे.

आपल्याकडे या विषयावर बोलायचं तर 6 ऑगस्ट 2001 ची पहाट टाळता येत नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला एक दर्गा आहे. तिथे बरं वाटेल या आशेने घरचे लोक मनोरुग्णांना आणत आणि भोवतीच्या खासगी आश्रयस्थानांत ठेवून जात. त्यातल्या एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, देशभर चौकशा झाल्या. मात्र एरवाडीकडे बोट दाखवून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. पुरेशा सोयी जवळ नसलेलं कुटुंब घरातल्या माणसाला खाटेला किंवा खांबाला बांधतं तेव्हा त्याच्याकडेही दुसरा उपाय नसतो. आणि महाराष्ट्रात तर येरवडा किंवा ठाणे या मनोरुग्णालयं असलेल्या गावांची नावं आपण चेष्टेत वापरतो. ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणणारा माणूस तिथे नंतर रुग्ण म्हणून कोण जातं, याचा विचार करत नाही.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यातलं कलम 95 कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्याला पूर्ण बंदी घालतं. कलम 97 नुसार एकांतात कोंडून ठेवता येत नाही. शारीरिक बंधन वापरायचं तर स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, अगदी आवश्यक तेवढाच वेळ. पद्धत, कारण आणि कालावधी केसपेपरवर लिहायचा. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. शिक्षा किंवा धाक म्हणून बांधायचं नाही. आणि कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालणार नाही, असं हे कलम स्पष्ट शब्दांत सांगतं.

हे शेवटचं वाक्य वाचून कुणाही वॉर्डसिस्टरला कडू हसू येईल. रात्री पन्नास-साठ खाटांना ती एकटी असते. कायद्याचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अमलात आणायचा भार नेमका सगळ्यात खालच्या पायरीवर येतो. ज्यांनी पदं भरली नाहीत त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून या कलमाकडे मी सिस्टरांविरुद्धचं हत्यार म्हणून बघत नाही. त्यांनी वरिष्ठांकडे माणसं मागायला वापरावा असा तो कागद आहे. आणखी एक फट दिसते. कलम 97 ची भाषा शारीरिक बंधनाची आहे. पट्टे मोजले जातील आणि इंजेक्शनं मोजली जाणार नाहीत, तर प्युसँच्या जाकिटाची गोष्ट पुन्हा घडेल.

या कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या केंद्राचा आणि तिथले मनोविकारतज्ज्ञ सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. पाठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेचा हक्काधारित कार्यक्रमही राबवून पाहिला आणि तीन इतर केंद्रांशी तुलना केली. वर्षभरात सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला, आपल्यालाही काही ठरवता येतं असं रुग्णांना जास्त वाटू लागलं आणि घरच्यांवरचं ओझं हलकं झालं. हे परदेशातल्या श्रीमंत रुग्णालयांत घडलं नाही. आपल्याच सरकारी इमारतींत, आपल्याच तुटपुंज्या माणसांसह घडलं. याच कायद्याचं कलम 5 आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क देतं. सुनंदाची ती एक ओळ तिथेही लिहिता आली असती.

आता पुन्हा वहीकडे. कायदा म्हणतो, बांधण्याच्या प्रत्येक प्रसंगाची माहिती दर महिन्याच्या अहवालात या कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे जायला हवी. बासाल्यांनी जी सही नाकारली, ती आता आपल्याकडे कायद्यानेच मागितली जाते, पण उलट्या हेतूने: हे कमी व्हावं म्हणून. पण रकाने कसे भरले जातात, यावर सगळं आहे. वेळ, पद्धत, कारण हे तीन रकाने भरले की कागद पुरा होतो. चार वाजता काय झालं, याला त्यात रकाना नाही. तो आपणच आखून घ्यायचा.

समजा त्या वॉर्डाने तो आखला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर, मावशी आणि चावा बसलेले मामाही सुनंदाच्या पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले. सगळे जरा अवघडलेले. मामांच्या मनगटाला पट्टी. सुनंदाच्या मनगटांवर चादरीचे वळ. सिस्टरांनी विचारलं, “काल काय झालं गं तुला?” ती बराच वेळ पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, तो पास झाला का हो?”

चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. फोन अजून लावलाच नव्हता.